क्रॉसफीडने स्टिरिओची वाट लागते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, प्रतिक्रिया एवढी सविस्तर लिहिलीत म्हटल्यावर उत्तरही जरा लांबणारच. क्रॉसफीड म्हणजे हेडफोनवर ऐकताना एका चॅनलचा थोडा आवाज दुसऱ्या कानातही मिसळणं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की हे म्हणजे अर्धवट मोनो, इंजिनिअरने डोकं लावून डावं-उजवं केलेलं आपण चार रेझिस्टर-कपॅसिटर लावून परत कालवतो, आणि तुम्ही लताबाईंच्या १९५० च्या दशकातल्या गाण्यांवर करून बघितलंत तर बेस फुगण्यापलीकडे काहीच झालं नाही.

आधी लताबाईंचंच घेऊ. अहो, ती गाणी मोनो आहेत! दोन्ही कानांत एकच सिग्नल, त्यात डावीकडचं उजवीकडे टाकून वेगळं काय ऐकू येणार? फरक पडतो तो फक्त टोनमध्ये. दुसऱ्या चॅनलचा बेस ६ डीबी कमी करून मिसळला तर मोनो गाण्यात बेस साधारण ३.५ डीबीने वर येतो, बऱ्या सर्किटमध्ये त्याची भरपाई केलेली असते, साध्यात नसते. म्हणजे तुम्ही ऐकलंत ते बरोबरच, पण त्या गाण्यांवर क्रॉसफीडची परीक्षा होतच नाही.

इंजिनिअरचा मुद्दा मात्र मला अजिबात पटत नाही. तो बिचारा मिक्स करताना बहुतेक वेळा बसलेला असतो दोन स्पीकरसमोर, आणि स्पीकरवर डावा कान उजवा स्पीकरसुद्धा ऐकतोच की! फक्त जरा उशिरा आणि वरच्या फ्रिक्वेन्सी डोक्याच्या आडोशाने कमी होऊन. म्हणजे त्याने जे डावं-उजवं ठरवलं ते ही सरमिसळ धरूनच ठरवलं. हेडफोन ती सरमिसळ पूर्ण काढून टाकतो, मग मूळ मिक्सपासून लांब कोण गेलं? हल्लीचे बरेच मिक्स हेडफोनवरही तपासतात, तिथे क्रॉसफीडची गरज फारशी नसते हे मान्य. पण १९६० च्या दशकातले इंग्रजी स्टिरिओ अल्बम काढा, ड्रम एका कानात आणि गाणारा दुसऱ्या कानात, अर्ध्या तासात डोकं जड होतं.

आणि जुनं इंग्रजी कशाला, आपल्याकडचंच सांगतो. आमच्या इथल्या डबलबारीचं, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्याचं, रेकॉर्डिंग मी मिक्सरवरून थेट घेतलं होतं, एक मंडळ डावीकडे, दुसरं उजवीकडे. स्पीकरवर झकास वाटतं, दोन बुवा समोरासमोर बसल्यासारखे. तेच हेडफोनवर लावलं की एका बुवांची पेटी, पखवाज, झांज, सगळं डाव्या कानात कोंबलेलं आणि उजवा कान मुकाट, तोही बराच वेळ, कारण बारी संपेपर्यंत समोरचे बुवा तोंड उघडत नाहीत. प्रत्यक्षात असा एकाच कानात आवाज फक्त कानाशी डास आला तरच येतो. पखवाजाची धूम ही खालची फ्रिक्वेन्सी, ती डोक्याला वळसा घालून दोन्ही कानांत जवळजवळ सारखीच पोचते, म्हणून ती एकाच कानात आली की मेंदूला काही केल्या हिशेब लागत नाही. क्रॉसफीड चालू केलं की पखवाज कानातून सुटून डाव्या भुवईच्या आसपास येतो. बस, एवढंच. पण त्या एवढ्यावर पूर्ण बारी ऐकून होते.

आता तुमचा 'चार रेझिस्टर-कपॅसिटरने कान फसतात होय?' हा प्रश्न, आणि हा मला खरंच आवडला. ३० अंशांवरच्या स्पीकरचा आवाज लांबच्या कानात साधारण ०.२६ मिलिसेकंद उशिरा पोचतो. आता ७०० हर्ट्झचा साधा आरसी लो-पास घ्या, म्हणजे एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर यांचा फिल्टर, तो वरच्या फ्रिक्वेन्सी कापतोच पण खालच्या फ्रिक्वेन्सींना आपोआप सुमारे ०.२३ मिलिसेकंद उशीरही लावतो, वेगळं काही न करता! बेंजामिन बाउअर या ऑडिओ इंजिनिअरने ही कल्पना १९६१ मध्येच मांडली होती, हे काही काल-परवाचं फॅड नाही.

बाकी, क्रॉसफीडने गाणारे-वाजवणारे समोर मांडल्यासारखे वाटतात, आवाज डोक्याबाहेर जातो वगैरे जे लोक लिहितात ते मलाही पटत नाही. त्यासाठी कानाच्या पाळीचा आकार, खोलीतले पडसाद, मान वळवल्यावर होणारा बदल हे सगळं लागतं, ते या सर्किटात कुठून येणार. आणि डमी हेडवर, म्हणजे कानांत माइक बसवलेल्या नकली डोक्यावर, केलेलं बायनॉरल रेकॉर्डिंग असेल तर क्रॉसफीड बंदच ठेवा, त्यात डोक्याचा परिणाम आधीच आलेला असतो, परत लावलात तर विचका.

परत करून बघणार असाल तर आधी व्हॉल्यूम जुळवा. असलं बिनविजेचं (पॅसिव्ह) सर्किट आवाज पाडतं आणि ज्याचा आवाज मोठा तेच आपल्याला चांगलं वाटतं, निम्मी भांडणं तिथेच होतात. सर्किट डीएसी (डिजिटलचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा) आणि अँपच्या (अँप्लिफायरच्या) मधे लावा, अँप आणि हेडफोनच्या मधे लावलंत तर प्रत्येक हेडफोनच्या इंपिडन्सप्रमाणे (विद्युत अवरोधाप्रमाणे) फिल्टर बदलत बसेल. आणि चालू-बंद स्विच जरा बरा घ्या, आपल्या खाऱ्या हवेत स्वस्तातल्या स्विचचे कॉन्टॅक्ट एका पावसाळ्यात काळे पडतात आणि मग एक चॅनल गुल झाला की लोक शिव्या क्रॉसफीडला घालतात. एवढी खटपट नको असेल तर फुबार या कॉम्प्युटरवरच्या म्युझिक प्लेअरमध्ये बीएसटूबी हे क्रॉसफीडचं प्लगइन टाका, ७०० हर्ट्झ आणि ४.५ डीबीवर ठेवा आणि लताबाईंना तेवढं वगळून डावं-उजवं फाटलेलं काहीतरी लावा. डबलबारीची फाइल हवी असेल तर सांगा, पाठवतो.