‘नेपिक’ टिकली नाही, या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. ब्रिटनमध्ये बालगृहांत वाढणाऱ्या मुलांनी १९७९ मध्ये स्वतःची राष्ट्रीय संघटना काढली, ‘नेपिक’. तिच्यावरच्या माझ्या लेखाला तुमचा आक्षेप असा : पोरांनी चालवलेली संघटना नव्वदच्या दशकातच बंद पडली, खरी सुधारणा कायद्याने आणि कर्मचाऱ्यांनी केली, मग एवढं कौतुक कशासाठी? तुम्ही स्वतः बालगृहात नोकरी केली आहे, तेव्हा दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरोबर नाही.

आधी कायद्याचं. ‘चिल्ड्रन अ‍ॅक्ट’ हा तो कायदा आला १९८९ मध्ये. मुलाबद्दल निर्णय घेण्याआधी त्याची इच्छा काय आहे ते विचारायचं, त्याची तक्रार ऐकताना बाहेरची एक व्यक्ती बसवायची, हे त्यात आलं. पण मागणी कितीतरी जुनी. १९७५ मध्ये नॅशनल चिल्ड्रन्स ब्यूरो या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने ठिकठिकाणच्या मुलांना एकत्र बोलावलं आणि १९७७ मध्ये त्यांचं म्हणणं पुस्तकरूपाने आलं. लीड्समध्येही मुलांचा गट जमत होताच. पुढे संसदेची समिती या विषयाचा अभ्यास करत होती, तेव्हा नेपिकने तिच्यापुढे आपली बाजू मांडली. समितीचा अहवाल १९८४ चा. कायदा त्यानंतर पाच वर्षांनी.

आणि मुलं मागत काय होती? कपड्यांचंच घ्या. कपड्यांसाठी सरसकट रोख पैसे मिळत नसत. अनेक ठिकाणी प्रशासनाची छापील ऑर्डर मिळे, ती ठरावीक दुकानातच चाले. मुलीने बूट पायात घालून बघायचे, काउंटरवर यायचं आणि रांगेतल्या सगळ्यांदेखत तो कागद पुढे करायचा. ही बालगृहातली, हे दुकानभर कळलं! वर्गातली एखादी मैत्रीण मागे उभी असली तर विचारायलाच नको. हा कागद बंद करा, ही नेपिकची मागणी होती. दुसरी मागणी रिव्ह्यू मीटिंगची. मूल कुठे राहणार, शाळा कुठली, भावंडांना कधी भेटणार, हे ठरवायला मोठी माणसं आत बसत आणि ज्याच्याबद्दल चाललंय तो पुष्कळदा त्या खोलीत नसेच. नेपिकने १९८३ मध्ये यावर मुलांची मतं गोळा करून छापली. आज तिथे मुलाला त्या बैठकीला बोलावणं ही साधी रीत आहे. माझ्या मते नेपिकची खरी कमाई हीच.

कर्मचाऱ्यांबद्दल तुमच्याइतकाच मलाही आदर आहे. पण चांगल्या कर्मचाऱ्यांच्या भरवशावर सगळं सोडता येत नाही. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशर परगण्यातल्या बालगृहांत १९८३ ते १९८९ या काळात ‘पिनडाउन’ नावाची पद्धत चालली. मुलांना जवळजवळ रिकाम्या खोलीत, रात्रीच्या कपड्यांवर, दिवसचे दिवस एकटं ठेवत. संडासला जायचं तरी दार वाजवून परवानगी. १९९१ च्या चौकशी अहवालानुसार निदान १३२ मुलांना हे भोगावं लागलं. यातलं बरंच कर्मचाऱ्यांनी स्वतःच रोजच्या वहीत लिहून ठेवलेलं सापडलं. त्यांना ती शिस्त वाटत होती. अशा ठिकाणी मुलाला बोलण्यासाठी बाहेरचं कुणी नको का?

मुलं अठराची झाली की निघून जातात, मग संघटना चालवायची कुणी, हा तुमचा प्रश्न मात्र अगदी नेमका आहे. हिशेब आणि पत्रव्यवहार जेमतेम अंगवळणी पडतो तोवर माणूस बदलतो. त्यात पैसा अनुदानाचा, म्हणजे ज्या यंत्रणेवर टीका करायची तिच्याकडेच हात पसरायचा. स्कॉटलंडमधली ‘हू केअर्स? स्कॉटलंड’ १९७८ पासून आजही उभी आहे. तिथे मुलांची बाजू मांडायला पगारी कार्यकर्ते आहेत आणि केअरमध्ये, म्हणजे सरकारी देखभालीत, वाढलेले लोक सभासद आहेत. म्हणजे रोजच्या कारभाराला मोठी माणसं हवीत, हे तुमचं म्हणणं मला मान्यच आहे. पण काय मागायचं हे मुलांनीच ठरवावं, यावरून मी हटणार नाही.

तुम्ही होतात तिथे मुलाला बैठकीत बसवत होते का? आणि बसवलं तर तो तोंड उघडायचा का? त्यावर लिहिलंत तर मला नक्की वाचायचं आहे.