उष्णता फक्त वर जाते म्हणून गंजीजवळ पऱ्हाटी पेटवता का भाऊ?

चार दिवसांपासून गावातल्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिला. उष्णता नेहमी वर जाते, बाजूला जातच नाही, म्हणून पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचा, ढीग बिनधास्त वावरातच पेटवा, बाजूच्या गंजीवर ठिणगी पडली नाही म्हणजे झालं, आणि भीतीच वाटली तर मधात टिनाचा पत्रा उभा करा. असं वाचून कोणाची तुरीची गंजी जाईल म्हणून लिहितोय.

वर जाते ती गरम हवा. शेकोटीपाशी बसा, तोंड अन् नडग्या भाजतात, पाठ गारठलेली असते, आणि बाजूची थंड हवा तर उलट आगीकडे ओढली जात असते, मग तोंडाला चटका लागतो कशानं? इंगळातून अन् जाळातून किरण निघतात, ते चारही बाजूंना सरळ रेषेत जातात, मधली हवा त्यांनी फारशी तापत नाही. मधात कोणी येऊन उभं राहिलं की शेक त्याच क्षणी तुटतो, गरम हवेचा असता तर असा तुटला असता का? स्वीडनच्या कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञानं हे १७७७ मध्येच लिहून ठेवलंय, भट्टीच्या तोंडातून येणारी ही झळ आडव्या वाऱ्यानं ढळत नाही म्हणून.

आता ठिणगीचं. भर दुपारचं ऊन चौरस मीटरला साधारण १ किलोवॅट असतं. सुक्या लाकडावर त्याच्या बारापट झळ सतत पडत राहिली तर त्यातून जळणाऱ्या वाफा निघायला लागतात, मग बारीकशी ठिणगी पुरते, आणि झळ त्याहून खूप वाढली तर तीही लागत नाही. गंजीतलं कुटार, म्हणजे भुसा, तर बारीक, ते लाकडापेक्षा लवकर तापते.

अंतराचा अंदाजही इथंच चुकतो. छोट्या शेकोटीपासून दुप्पट लांब गेलं की झळ चौथा हिस्सा राहते, पण धुऱ्याच्या कडेनं लांबलचक ओळीत पऱ्हाटी पेटवली की दुप्पट अंतरावरही जवळपास निम्मी झळ येते, शेकोटीचा हिशोब तिथं लावू नका.

पत्रा नवा चकचकीत असला तर बरीच झळ परत फेकतो हे खरं. पण आपल्याकडं कोठ्यावरून काढलेला गंजका, काळा पत्राच असतो ना, तो झळ पिऊन स्वतः तापतो अन् मागच्या बाजूनं गंजीकडे फेकतो, आणि गंजीला टेकवून ठेवला असेल तर तव्यासारखा सरळच चटका देतो.

आणि वारा सुटला तर जाळच आडवा होतो, मग ती वर जाणारी गरम हवासुद्धा गंजीवरच येते. मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या वावरात हेच झालं, टँकर येईपर्यंत सगळी तूर गेली होती.