खाडा, सीएल आणि सेवाभाव

३० एप्रिलच्या रात्री पावणेबारा वाजता एका नर्सिंग होमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप येऊन पडला: 'उद्या ओपीडी नेहमीप्रमाणे सुरू. न येणाऱ्यांचे दोन दिवस कापले जातील. महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा.' खाली जोडलेले हात. कामगार दिनाची सुट्टी कामगाराकडून काढून घ्यायची, त्याने ती घेतलीच तर वर आणखी एक दिवस कापायचा आणि शेवटी शुभेच्छाही द्यायच्या, हे सगळे तीन वाक्यांत बसवायला एमडीच हवा. असे प्रगत धोरण एकाच इमारतीत अडकून राहू नये असे मनापासून वाटले. म्हणून दहा खाटांचे प्रसूतिगृह, दोन खुर्च्यांचा दातांचा दवाखाना, पॅथॉलॉजी लॅब, डोळ्यांचे डे-केअर चालवणाऱ्या तमाम डॉक्टर मालकांसाठी हे मार्गदर्शन.

पहिली गोष्ट, लिहून काही ठेवू नका. लिहिले की त्याची झेरॉक्स निघते. 'बघू', 'सोमवारी बोलू' आणि 'मॅडमना विचार' एवढी तीन कलमे पुरतात. मॅडमनी 'सरांना विचार' म्हणायचे.

मग माणसे मोजा, आणि मोजताना चुका. २०१७चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा हॉस्पिटल, दवाखाना, पॉलिक्लिनिक, प्रसूतिगृह अशी नावे घेऊन सांगतो की तुम्हीही आस्थापनाच आहात. पण तो पूर्णपणे लागू व्हायचा तो दहा कामगारांपासून, त्यामुळे शहाण्या मालकांचे मस्टर वर्षानुवर्षे नवव्या नावावर थांबले. दहावी मावशी घरकामाची, अकरावे मामा एजन्सीचे, आणि रिसेप्शनवरची मुलगी शिकाऊ. चार वर्षे झाली, शिकतेच आहे. २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही रेघ दहावरून वीसवर न्यायला मंजुरी दिली. आता एवढी कसरतही करायला नको.

तरी कायदा काय म्हणतो ते ठाऊक असावे, म्हणजे नेमके काय द्यायचे नाही ते कळते. आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी. वर्षाला आठ सीएल म्हणजे किरकोळ रजा, दर तिमाहीला जमा होणाऱ्या, न वापरल्यास वर्षअखेर बुडणाऱ्या. वर्षात २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा, ती ४५ दिवसांपर्यंत साठते. शिवाय सणावाराच्या आठ पगारी सुट्ट्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आणि उरलेल्या चार वर्ष सुरू होण्याआधी मालक व कर्मचाऱ्यांनी मिळून ठरवायच्या. त्या दिवशी कामावर बोलावले तर दुप्पट पगार आणि वर बदली सुट्टी. दोन्ही. 'किंवा' नाही.

हे चार सण तुम्हीच ठरवा. स्टाफमध्ये केरळची ख्रिस्ती सिस्टर आहे, वॉर्डात मुसलमान मामा आहेत, मावशींच्या घरी १४ एप्रिल दिवाळीपेक्षा मोठी असते, हे तुम्हाला माहीत असण्याचे कारण नाही. शिवाय कॅलेंडर नीट पाहून निवडा. २०२६चे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. दवाखाना एरवीही रविवारी बंदच असेल, तर यादीत घालायला याहून उत्तम सण नाही.

सीएलसाठी सात दिवस आधी अर्ज मागा. मूल जिन्यावरून पडणार असेल तर त्याने आठवडाभर आधी आईला कळवायला काय हरकत आहे?

सँडविच विसरू नका. शनिवारी आणि सोमवारी रजा घेतली की मधला रविवारही रजेतच गेला. कुठल्या नियमाने, असे कुणी विचारत नाही. नावच इतके रुळले आहे की लोकांना तो नियम वाटतो.

आता थोडे गणित. महिन्याला १५,६०० पगार असेल तर खाडा कापताना २६ने भागा, म्हणजे दिवसाचे ६०० जातात. सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावून पैसे द्यायची वेळ आली की ३०ने भागा, म्हणजे ५२० द्यावे लागतात. माणूस तोच, खुर्ची तीच, पण दिवस मालकाच्या बाजूला ८० रुपयांनी महाग. हिशेबाचा कागद मागितला तर 'सॉफ्टवेअरच तसे आहे' म्हणा. एका दिवसाच्या गैरहजेरीला दोन दिवस कापायचे असतील तर मात्र सॉफ्टवेअरवर ढकलता येणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेली वेतन संहिता म्हणते, की गैरहजेरीची कपात जेवढा वेळ माणूस नव्हता तेवढ्याच प्रमाणात. आणि या संहितेला दहा-वीसची रेघ नाही, एका मावशीच्या दवाखान्यालाही ती लागू आहे. पण व्हॉट्सअॅपवर ती कोण टाकणार?

तुमच्या सुट्टीचे तर सोपेच आहे. मे महिन्यात तुम्ही बारा दिवस परदेशी जाता, दारावर 'डॉक्टर बाहेरगावी असल्याने दवाखाना बंद राहील' अशी पाटी लागते, आणि ते बारा दिवस स्टाफच्या पगारी रजेतून वळते होतात. ते कामाला तयार होते, कुलूप तुम्ही लावलेत, हा मुद्दा तांत्रिक आहे. उलट परत आल्यावर फ्रिजवर लावायचे मॅग्नेट वाटा. चॉकलेटही चालेल.

कॉम्प ऑफला, म्हणजे बदली सुट्टीला, कधी तारीख देऊ नका. 'घेऊन टाक कधीतरी' म्हणा. बुडालेल्या आठवडी सुट्टीची बदली दोन महिन्यांत द्यावी लागते, आणि तारीख नसली की दोन महिने कधी संपले ते कळत नाही.

मतदानाची सुट्टी? १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला पगारी सुट्टी आहे, न दिल्यास मालकाला दंड ५०० रुपयांपर्यंत. तुमच्या एका कन्सल्टेशनमध्ये भागेल.

आजारपणाकडे वळू. इथे तुम्हाला जो फायदा आहे तो जगातल्या दुसऱ्या कुठल्याच मालकाला नाही: मेडिकल सर्टिफिकेट देणारे तुम्हीच. बँकेतला साहेब ताप घेऊन येतो, तुम्ही त्याला पाच दिवस विश्रांती लिहून देता, शिक्का मारता, फी घेता. तोच ताप घेऊन तुमची सिस्टर येते. तिला काउंटरवरची पॅरासिटामॉल द्या आणि 'मास्क लाव, नाइटला ये' म्हणा. डोळे आले असतील तर गॉगल. जुलाब असतील तर ओआरएस, आणि ड्युटी सलाइनच्या खोलीत. जुलाब थांबल्यावरही ४८ तास रुग्णांजवळ जायचे नसते, कांजिण्यांच्या शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत तर प्रसूतिगृहाची पायरीही चढायची नसते, हे तुम्ही शिकला आहात, परीक्षेत लिहून पासही झाला आहात. त्यामुळे ते तुम्हाला शिकवायचा आगाऊपणा इथे कुणी करणार नाही. २०१७च्या राज्याच्या कायद्यात वेगळी आजारपणाची रजा नाही, हेही खरे. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा लागू असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या ७० टक्के मिळतात, आणि ते तुमच्या खिशातून जात नाहीत. पण त्यासाठी २१,००० पर्यंत पगार असलेल्यांची नावे भरावी लागतात, १५,६०० वर दरमहा मालकाचे ५०७ आणि कर्मचाऱ्याचे ११७ रुपये भरावे लागतात, आणि मस्टरवर नऊच माणसे असल्याचे सांगितलेले असते. मग राहू द्या. मास्क लाव, नाइटला ये.

बाळंतपण. नोकरीवर घेतानाच 'लग्न कधी करणार' विचारून ठेवा. सहाव्या महिन्यात 'तुझ्या तब्येतीच्या काळजीपोटी' घरी बसवा, आणि मूल झाल्यावर जागा भरली असल्याचे दुःखाने कळवा. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आणि बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे कामाला लावायचीच बंदी, हे १९६१च्या कायद्यात आणि त्याच्या २०१७च्या दुरुस्तीत होते, आता त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच आहे. गर्भपात झाला तरी सहा आठवडे आहेत. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असले की पुरते. आणि ईएसआयमध्ये नाव असेल, हप्ते वेळेवर भरलेले असतील, तर हा पगार महामंडळ देते, तुम्ही नव्हे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या वेटिंग रूममध्ये स्तनपान सप्ताहाचे पोस्टर लागते: पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. सहा महिने म्हणजे किती आठवडे, डॉक्टर? ते पोस्टर चिकटवायला स्टुलावर चढलेली सिस्टर चाळीस दिवसांचे बाळ सासूकडे ठेवून आलेली असते.

आता मुख्य सूत्र, ज्यावर हा सगळा डोलारा उभा आहे: रिलिव्हर ठेवू नका.

रिलिव्हर म्हणजे रजेवरच्या माणसाच्या जागी येणारा माणूस. तो नसला की रजेचे धोरण कितीही उदार असले तरी कुणाला रजा मिळत नाही, आणि नाही म्हणण्याचा वाईटपणा तुमच्याकडे येत नाही. सिस्टर रजा मागते, तुम्ही म्हणता 'जा ना, माझी ना नाही, फक्त तुझी ड्युटी कोण करणार ते बघ'. ती दुसरीला विचारते. दुसरी सकाळी आठ ते रात्री आठ करून आलेली असते, तिला डबल ड्युटी करावी लागते. करते, पण डोक्यात ठेवते. पुढच्या महिन्यात ती रजा मागते तेव्हा पहिली 'नाही' म्हणते. भांडण दोघींचे होते, तुम्ही केबिनमध्ये चहा पीत असता आणि मिटिंगमध्ये म्हणता, 'तुम्हा लोकांचे आपसात पटत नाही.' बरोबर. माणसे तुम्ही कमी ठेवायची आणि त्यांचे पटत नाही. नंतर ती सिस्टर जाते, महिन्याभरात दुसरी आणता, तिला तुमचे निर्जंतुकीकरणाचे ऑटोक्लेव्ह कुठे आहे, इमर्जन्सी ट्रेमध्ये काय कुठे ठेवलेले असते, रात्री भूलतज्ज्ञाला कुणाच्या नंबरावर फोन करायचा, काही ठाऊक नसते. जुनी दुसरी सिस्टर तिला पंधरा दिवस शिकवते, स्वतःची ड्युटी सांभाळून, मग तीही जाते. आणि आयएमएच्या, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेच्या जेवणात तुम्ही सांगता, की हल्ली स्टाफ टिकत नाही, मुलींना मोबाइल हवा, सेवाभाव राहिला नाही.

सेवाभाव! महिनाअखेरीला बिलात ड्रेसिंगचे, निर्जंतुकीकरणाचे, नर्सिंगचे पैसे वेगवेगळ्या ओळींत लावता ना? नर्सिंग चार्जेस म्हणून रुग्णाकडून रोजचे घेता ना, रविवारचे आणि दिवाळीचेही? मग त्या दिवशी नर्सिंग करणारीलाच फक्त सेवा कशी काय करावी लागते?

साधा हिशेब करून बघा, एकदाच. वर्षाचे ३६५ दिवस. त्यातून ५२ आठवडी सुट्ट्या, आठ सण, आठ सीएल आणि साधारण १४ पगारी रजा वजा करा. २८३ उरतात. एक खुर्ची वर्षभर रोज भरलेली हवी असेल तर ३६५ भागिले २८३, म्हणजे जवळजवळ १.३ माणसे लागतात. चोवीस तासांच्या तीन पाळ्यांना तिनावर भागत नाही, चार सिस्टर लागतात. तुम्ही तीनही ठेवत नाही, दोन ठेवता आणि बारा-बारा तास लावता. चौथ्या सिस्टरचा पगार वाचवता, आणि तो पगार उरलेल्यांच्या झोपेतून, त्यांच्या मुलांच्या तापातून, माहेरच्या लग्नातून वसूल होतो. रात्री तीनला चुकीच्या बाटलीला हात गेला तर ती चूकही त्याच हिशेबातली असते, आणि तेव्हा कागदावर सही मात्र सिस्टरची असते.

चार माणसांचा, रविवारी आणि आठ सणांना बंद असणारा दवाखाना असेल तर याहूनही सोपे आहे. दवाखाना ३०५ दिवस उघडा, प्रत्येक माणूस २८३ दिवस. प्रत्येकी २२ दिवसांची उणीव, चौघांचे ८८ दिवस, म्हणजे महिन्याला सात-आठ. महिन्यातले आठ दिवस येणारा एक माणूस, बस! एवढ्यासाठी तुम्ही लोकांना बापाच्या दहाव्याला 'दुपारनंतर येऊन जा' म्हणता. लाज वाटायला हवी. कायदा लागू होत नाही म्हणून सुट्टी देत नाही असे तुमच्यापैकी कुणी उजळ माथ्याने म्हणतो, तेव्हा त्याला आठवण करून द्यावीशी वाटते की रुग्णाला भूल देण्याआधी उपाशी आहे का विचारा, असेही कुठला दुकाने कायदा सांगत नाही. ते तुम्ही करता. कारण नाही केले तर काय होते ते तुम्हाला माहीत आहे. दमलेली सिस्टर काय करते तेही माहीत आहे.

तेव्हा सरळ करायचे ते करा. वहीत प्रत्येकाच्या नावाचे एक पान करा: सीएल आठ, पगारी रजा किती जमल्या, किती घेतल्या, शेजारी त्याची सही. सणांची यादी डिसेंबरात सगळ्यांना बसवून ठरवा आणि भिंतीवर लावा, रुग्णहक्कांच्या सनदेच्या बाजूला जागा आहे. सणाला कोण येणार ते आळीपाळीने, महिनाभर आधी, आणि जो येईल त्याच्या बदली सुट्टीची तारीख त्याच दिवशी वहीत. भागाकार एकच ठेवा, कापताना २६ तर देतानाही २६. तुम्ही दवाखाना बंद ठेवलात तर तो दिवस तुमचा, त्यांच्या रजेतला नाही. आजारी माणसाला घरी पाठवा, सर्टिफिकेट स्वतः लिहा आणि त्याची फी घेऊ नका. नोकरी सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा असतो, 'पुढच्या दहा तारखेला या' नाही. आणि रिलिव्हर शोधा. जीएनएम, एएनएम असा नर्सिंगचा कोर्स करून लग्नानंतर घरी बसलेली एखादी तरी तुमच्या गावात असतेच, तिला महिन्यातले आठ दिवस चालतात, तारखा आधी कळवल्या तर. तिची रोजंदारी त्याच संध्याकाळी द्या.