चुसोवितिनाची गोष्ट २००८ ला संपत नाही

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्समधल्या व्हॉल्टच्या (धावत येऊन टेबलावरून उडी मारण्याच्या प्रकाराच्या) फायनलला आपण सगळे दीपा कर्माकरसाठी रात्री जागलो होतो. दीपा चौथी आली, पदक थोडक्यात हुकलं. त्याच फायनलमध्ये ४१ वर्षांची एक बाई होती. ओक्साना चुसोवितिना, उझबेकिस्तान. दीपाचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, १९९२ ला बार्सिलोनात, हिने सांघिक सुवर्ण जिंकलं होतं!

आणि त्या रात्री तिने उडी कोणती निवडली? प्रोदुनोव्हा. दीपाचीच. टेबलावर हात टेकून हवेत पुढच्या दिशेने दोन कोलांट्या. थोडं चुकलं तर मानेवर बेतणार. तिचे पाय टेकले, पण तोल पुढे गेला आणि ती मॅटवर गडगडली. सातवी आली. तेव्हापासून तिच्याबद्दल हाती येईल ते मी वाचत आले आहे.

तिची गोष्ट नेहमी एकाच बाजूने सांगितली जाते. २००२ मध्ये तिच्या लहानग्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला, उपचारांसाठी ती त्याला घेऊन जर्मनीत कोलोनला गेली, पैशांसाठी खेळत राहिली. पुढे जर्मनीकडून खेळली आणि २००८ ला बीजिंगमध्ये, ३३ व्या वर्षी, व्हॉल्टचं रौप्य जिंकलं. त्याच वर्षी मुलगा बरा झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. हे सगळं खरं आहे आणि वाचताना माझेही डोळे भरून येतात.

पण मग त्यानंतरचं काय? मुलगा बरा झाला, कर्तव्य संपलं, तरी ती थांबली नाही. लंडन, रिओ, टोकियो. एकूण ८ ऑलिंपिक! हे 'आईचा त्याग' या चौकटीत बसतच नाही. तिला व्हॉल्ट आवडतो, ती त्यात निष्णात आहे, म्हणून ती खेळते. पुरुष खेळाडू वय झाल्यावरही खेळत राहिला की आपण त्याच्या जिद्दीचं कौतुक करतो. बाईच्या बाबतीत मात्र आधी मूल शोधतो. मला हे फार खटकतं.

तिच्या कारकिर्दीत खेळच किती बदलला बघा. १९९१ ला ती फ्लोअरची, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींची, जगज्जेती झाली ती सोव्हिएत संघाकडून, आणि वर्ष संपता संपता तो देशच उरला नाही. २००१ मध्ये व्हॉल्टचं 'घोडा' नावाचं जुनं अरुंद उपकरण गेलं, रुंद टेबल आलं. २००६ मध्ये दहापैकी दहा गुणांची पद्धत गेली. दर वेळी ती नव्याने शिकली. नियमपुस्तकात तिच्या नावाच्या कसरती आहेत, त्या कोणाची आई म्हणून मिळालेल्या नाहीत.

टोकियोत ती ४६ वर्षांची होती. समोरच्या कितीतरी मुली तिच्या मुलापेक्षाही लहान. फायनल हुकली. प्रेक्षकांना बंदी होती, तरी सभागृहातले खेळाडू, प्रशिक्षक, पंच उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि ती रडत होती. निवृत्ती जाहीर झाली.

२०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ती परत व्हॉल्टच्या धावपट्टीवर उभी होती. ४८ वर्षांची. चौथी आली.