साहेब, सावली आणि सायटेशन

छोट्या जेट विमानांवर वाद घालायला पायलट लोकांना निमित्त लागत नाही, रिकामा वेळ लागतो. आणि चार्टर कंपनीत त्याला तोटा नाही. अर्धा तास विमान उडवायचं आणि दिवसभर त्याच्या आसपास उभं राहायचं, असा हा धंदा. त्यात मराठवाड्यातली लग्नसराई असेल तर विचारूच नका.

मी मूळचा परभणीकडचा. त्यामुळं तिकडचं भाडं आलं की कंपनी "तुझंच गाव आहे, जा" म्हणून मला पिटाळते. नांदेड असो, लातूर असो, संभाजीनगर असो, मुंबईच्या लेखी सगळं माझंच गाव. गावाकडं मात्र मी नेमकं काय करतो, हे आजवर कुणाला पटवता आलेलं नाही. जेट चालवतो म्हणालो, तर मामांचा पहिला प्रश्न, "अ‍ॅव्हरेज किती देतंय?" मी हिशेब सांगितला. तासाला साधारण साडेपाचशे लिटर जळतं, तेवढ्या वेळात सातशे किलोमीटर जातं, म्हणजे लिटरमागं सव्वा किलोमीटर. मामा बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिले. "परत नेऊन दे," म्हणाले, "फसवलंय तुम्हाला." जेटचं इंधन म्हणजे शुद्ध केलेलं रॉकेलच, हे ऐकून मामी म्हणाली, "मग रेशनवर मिळत होतं तवाच उडवून घ्यायचं की!"

तर, मे महिना. मराठवाड्यातला एक लहान विमानतळ. नाव सांगत नाही, पुन्हा तिथंच उतरायचंय. भल्या पहाटे मुंबईत श्वासपरीक्षेच्या नळीत फुंकून निघालेलो आम्ही सकाळीच इथं येऊन टेकलो. आमचं विमान सायटेशन सीजे२ प्लस. शेजारी दुसऱ्या कंपनीचं फेनॉम ३००. दोन्ही एकाच लग्नाला आलेली. आमचे साहेब वराकडचे, त्यांचे वधूकडचे. साहजिकच दोन्ही कॅप्टनांची बैठकही त्याच थाटात सुरू झाली.

"सीजे म्हणजे साधं, सरळ विमान. कारखानावाला तर म्हणतो, एकच पायलट पुरे," आमचे कॅप्टन म्हणाले. मी दुसरा पायलट. हातात बर्फाची पेटी घेऊन उभा होतो.

"सरळ म्हणजे पंख सरळ! म्हणून तर पक्षी मागून येऊन धडकतात," फेनॉमवाले कॅप्टन म्हणाले.

हा विनोद माझ्या वयापेक्षा जुना आहे. पहिलं सायटेशन १९६९ साली उडालं आणि तेव्हाच्या इतर जेटच्या मानानं ते इतकं सावकाश होतं, की तेव्हापासून पायलट मंडळी हेच बोलतायत. आमच्या कॅप्टनांना मात्र ते दर वेळी नव्यानं लागतं. मग आकडे निघाले. फेनॉम जास्तीत जास्त ४५३ नॉट, म्हणजे तासाला तेवढे सागरी मैल, आमचं ४१८. मी मनातल्या मनात भागाकार केला. मुंबईहून लातूर सरळ रेषेत चारशे किलोमीटर धरलं, तर वाचतात जेमतेम अडीच मिनिटं. ज्यांच्यासाठी ती वाचवायची, ते साहेब तीन तास उशिरा येणार होते.

त्याची खात्री होती, कारण पीएंशी माझं फोनवर बोलणं चालू होतं. "साहेब गाडीत बसले बघा, आलेच." मागं मंगलाष्टकाचं तिसरं कडवं चालू होतं आणि साहेबांचाच आवाज सगळ्यांच्या वर होता.

इकडं वाद आतल्या उंचीवर आला. आमची चार फूट नऊ इंच, त्यांची चार फूट अकरा. दोन इंचांवरून दोन जाणती माणसं हमरीतुमरीवर आली. लिअरजेट कंपनी काढणाऱ्या बिल लिअरचं पहिलं जेट १९६३ साली उडालं, तेव्हा त्यात उभं राहता येत नाही म्हणून लोकांनी नाकं मुरडली. त्यावर तो म्हणाला म्हणे, कॅडिलॅकसारख्या आलिशान मोटारीत तरी कुठं उभं राहता येतं? आमच्याकडं कॅडिलॅक नसते आणि डोक्याला फेटा असतो. सकाळी साहेब, साहेबांचे व्याही आणि व्याह्यांचे मित्र असे एकामागून एक भगवे फेटे दारात वाकले, तेव्हा मला दोन्ही कंपन्यांचे इंजिनिअर आठवले. त्या दोन इंचांत फेट्याचा साधा पीळसुद्धा बसत नाही.

"हे सगळं सोडा. विमान म्हणजे लिअर ४५," आमचे कॅप्टन तडजोडीच्या सुरात म्हणाले. फेनॉमवाल्यांनीही मान हलवली. शेवटचं लिअरजेट २०२२ साली कारखान्यातून बाहेर पडलं, पण पायलटांच्या बोलण्यातून ते अजून गेलेलं नाही. मलाही लिअरबद्दल आदर आहे, कारण वेगळं. लिअर ४५ च्या शेपटीकडं एक छोटं जादा इंजिन बसवून मिळायचं, एपीयू. ते लावलं की मोठी इंजिनं बंद ठेवूनही एसी चालतो. आमच्यात ते नाही, फेनॉममध्येही नाही. मग मे महिन्यात बाराच्या उन्हात विमानात बसणं शक्य नसतं. राहिली पंखाची सावली. सीजे इतकं बुटकं, की पंखाखाली उभं राहता येत नाही, मांडी घालून बसावं लागतं. चार पट्ट्यांचे दोन कॅप्टन आणि तीन पट्ट्यांचे आम्ही दोघं असे पंगतीला बसल्यासारखे ओळीनं बसलो होतो. कुंपणापलीकडून एक आजोबा म्हैस घेऊन चालले होते. थांबून म्हणाले, "काय, बंद पडलंय का?"

दुपारी साहेब नाही आले, सामान आलं. केशर आंब्याच्या पेट्या, तुरीच्या डाळीचं पोतं, आहेरातल्या शाली, नारळ आणि पितळेची एक भलीमोठी समई. आता खरा हिशेब. जमीन समुद्रसपाटीपासून दोन हजार फूट उंच आणि पारा ४२ वर. उष्णतेनं हवा इतकी विरळ होते, की विमानाला आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत असं वाटतं. म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच, फक्त थंडी आणि स्ट्रॉबेरी वगळून. इंजिनांचा जोर कमी, धावपट्टी जास्त लागणार. इथं इंधन मिळत नाही, म्हणून परतीचं सकाळीच भरून आणलेलं, ते काढून टाकता येत नाही. कॅप्टनांनी तक्ते उघडले, दोनदा बेरीज केली आणि पीएंना सांगितलं की एवढं वजन जाणार नाही. काहीतरी कमी करा.

पीएंनी साहेबांना विचारलं. सकाळी आमच्यासोबत आलेले दोन कार्यकर्ते रस्त्यानं मुंबईला रवाना झाले. आंबे विमानानं गेले.

अखेर सूर्य मावळायला थोडाच वेळ उरला असताना गाड्यांचा ताफा आला. धावपट्टीला रात्रीचे दिवे नाहीत. मावळतीच्या आत उडायचं, नाहीतर समईसकट लॉजवर मुक्काम. फेनॉम आधी उडालं. जाताना त्यांच्या कॅप्टनांनी खिडकीतून हात केला, तो आमच्या कॅप्टनांच्या जिव्हारी लागला. मुंबईजवळ गेलो तर कंट्रोलनं दोघांनाही रांगेत घालून घिरट्या मारायला लावल्या. खाली उतरलो तेव्हा फेनॉम आमच्या पुढं एकाच विमानाच्या अंतरावर होतं. कॅप्टनांचा चेहरा उजळला.

पण मधल्या काळात मागं एक गोष्ट घडली होती. चाळीस मिनिटांच्या आतला प्रवास म्हणून आम्ही पाहुण्यांना मागचं स्वच्छतागृह आडवळणानं टाळायला सांगतो. लग्नात मात्र बुंदीवर मठ्ठा झालेला असतो, आणि घिरट्यांचं कुणी आधी कळवत नाही. फेट्यांची ये-जा मला पुढूनही दिसत होती. फेनॉमचं स्वच्छतागृह बाहेरून झाकण उघडून रिकामं करता येतं. आमच्यात टाकी आतून उपसायची, सीटांमधल्या बोळातून न हिंदकळता आणायची आणि पुढच्या दारानं पायऱ्या उतरायच्या. हँगरचा माणूस घरी गेलेला. हे काम दुसऱ्या पायलटाचं, असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. कुणी लिहायची गरजही नाही.

मी टाकी घेऊन निघालो तेव्हा कॅप्टन पुढच्या सीटवर बसून दिवसाचे कागद भरत होते. मी शेजारून जाताना त्यांचं पेन थांबलं. रुमाल नाकाला लावून ते थोडा वेळ विचारात पडले.

"त्यांचं बाहेरून निघतं, नाही का रे?"

"हो सर."

"मग," कॅप्टन म्हणाले, "विमान तसं बरं आहे ते."