फ्लॉसऐवजी शिलाईचा दोरा? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या काही दिवसांपासून कोल्हापुरातील अनेक व्हॉट्सअॅप गटांवर दातांच्या फ्लॉसविषयीचा, म्हणजे दातांमधील फटी साफ करायच्या बारीक दोऱ्याविषयीचा, एक संदेश फिरत आहे. त्यातील दावे असे: सगळे फ्लॉस सारखेच असतात, मेणाचा, बिनमेणाचा, फितीसारखा हे प्रकार केवळ विक्रीसाठी काढलेले आहेत, म्हणून घरातला शिलाईचा दोरा वापरावा, फ्लॉसमुळे दातांतील फटी रुंदावतात, अमेरिकेने २०१६ मध्येच फ्लॉस निरुपयोगी ठरवला, आणि रक्त आले तर फ्लॉस ताबडतोब बंद करावा. रविवारी घरोघरी मटणाचा बेत असतो आणि जेवण झाल्यावर हात काडीकडे किंवा टाचणीकडे जातो, अशा या शहरात हा सल्ला सहज मनावर घेतला जाईल, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला दावा सर्वांत चुकीचा आहे. शिलाईचा दोरा कापड घट्ट धरून ठेवावा म्हणून कडक पीळ देऊन बनवलेला असतो. दातांमध्ये तो गोलच राहतो आणि हिरडीवर आला की कापतो. नायलॉनच्या फ्लॉसमधील तंतू सैल पिळाचे असतात, त्यामुळे दाताला टेकताच ते पसरतात आणि दाताच्या बाजूवरचा चिकट थर पुसून काढतात. हे काम ब्रशचे केस करू शकत नाहीत, कारण दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथे ते पोहोचतच नाहीत.

कोणता फ्लॉस घ्यावा, हे दातांमधील जागा ठरवते. दात घट्ट चिकटलेले असतील तर मेण लावलेला किंवा पीटीएफईचा (म्हणजे टेफ्लॉनचा) एकसंध, गुळगुळीत फ्लॉस सहज आत सरकतो. बिनमेणाचा फ्लॉस बारीक असला तरी अशा ठिकाणी त्याचे तंतू लवकर सुटतात. जागा थोडी मोकळी असेल तर फितीसारखा रुंद फ्लॉस चांगला. हिरड्या खाली सरकून फटी उघड्या पडल्या असतील, जे उतारवयात पुष्कळांचे होते, तर फ्लॉसपेक्षा फटीत घालायचा बारीक ब्रश अधिक उपयोगी ठरतो, मात्र तो जोर न लावता आत जाईल अशाच मापाचा हवा. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने पक्का बसवलेला कृत्रिम दात, असेल किंवा दातांना तारा असतील तर साधा फ्लॉस वरून आत जाऊच शकत नाही. त्यासाठी एक टोक कडक आणि मधला भाग स्पंजासारखा फुगीर असलेला फ्लॉस मिळतो. प्लॅस्टिकच्या दांडीवर ताणलेला फ्लॉस लहान मुलांना आणि बोटांत जोर नसलेल्यांना सोयीचा आहे, परंतु तो दाताभोवती नीट वळत नाही आणि तोच तुकडा सगळ्या तोंडात फिरतो, म्हणून तो मध्ये मध्ये धुवून घ्यावा.

फ्लॉस नेहमी एकाच जागी अडकून तुटत असेल, किंवा मटणाचा तंतू दर वेळी त्याच दाढेत बसत असेल, तर फ्लॉस बदलून प्रश्न सुटणार नाही. तिथे बहुधा कीड लागलेली असते, जुन्या फिलिंगची कड खडबडीत झालेली असते किंवा दोन दातांमधला संपर्क सैल झालेला असतो. टाचणी तर तिथे कधीच घालू नये.

फटी रुंदावण्याच्या दाव्याला थोडक्यात उत्तर देता येते. दात हलवण्यासाठी दीर्घकाळ सतत दाब लागतो. काही सेकंदांच्या फ्लॉसने तो पडत नाही. सूज उतरली की सुजलेल्या हिरडीखाली झाकलेली मूळची फट दिसू लागते, आणि दोष फ्लॉसच्या माथी येतो.

अमेरिकेविषयीचा दावा अर्धवट आहे. तेथील आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांच्या नव्या आवृत्तीतून फ्लॉसचा उल्लेख गेला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्यामागचा पुरावा कमकुवत असल्याची बातमी दिली, हे खरे आहे. परंतु पुरावा कमकुवत असणे म्हणजे उपयोग नसल्याचे सिद्ध होणे नव्हे. वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यानुसार ब्रशला फ्लॉसची किंवा फटीतल्या ब्रशची जोड दिल्यास हिरड्यांची सूज आणखी कमी होऊ शकते. या पुराव्याची खात्री कमी आहे, असे तो आढावाही सांगतो. फ्लॉस निरुपयोगी आहे असे मात्र तो सांगत नाही.

शेवटचा दावा मला सर्वांत घातक वाटतो. हळुवार फ्लॉस करतानाही रक्त येते ते बहुतेक वेळा हिरडी आधीच सुजलेली असल्यामुळे, आणि सफाई थांबवली की थर तिथेच साचून कीटण बनतो व सूज वाढते. सुमारे ४५ सेंटिमीटर फ्लॉस घेऊन दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळावा, करवतीसारखा न ओढता हलकेच आत सरकवावा, दाताला वळसा घालून वर-खाली फिरवावा आणि पुढच्या दातासाठी स्वच्छ भाग घ्यावा. असे रोज केल्यास रक्त साधारण एक-दोन आठवड्यांत थांबते. तरीही थांबले नाही, किंवा मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर दंतवैद्याला दाखवावे आणि कोणता फ्लॉस आपल्याला योग्य, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.