‘औषध टाकलंच नाही, उंदीर परत आले’ : ताईंच्या अभिप्रायाला मालकाचं उत्तर

ताई, नमस्कार.

सांगलीतल्या आमच्या पेस्ट कंट्रोलबद्दल तुम्ही दोन तारे देऊन जे लिहिलंय, त्याचं उत्तर मी मालक म्हणून स्वतः देतोय. तुमच्या तक्रारी चार आहेत. चोवीसशे रुपये घेऊन पोरांनी कोठीच्या खोलीत उंदराचं औषध टाकलं नाही, नुसते सापळे लावले आणि भोकं बुजवली. दोनच दिवसांत सिंकखाली कुजका वास सुटला. तीन आठवड्यांत शेंगदाण्याच्या पिशवीला पुन्हा भोक पडलं. आणि फोन केला तर दोन दिवस कुणी उचलला नाही.

यातल्या शेवटच्या दोन गोष्टींत चूक सरळसरळ आमची आहे. त्या दोन दिवशी मी मार्केट यार्डात एका गोदामाच्या कामावर होतो, पण ते ऐकून तुम्हाला काय उपयोग? ज्या घरात रांगतं बाळ आहे आणि स्वयंपाकघरात उंदीर फिरतोय, तिथला फोन त्याच दिवशी घ्यायला हवा होता. मी माफी मागतो.

उंदीर परत का आले, हे परवाच्या रविवारी तुमच्या घरी ट्रॉलीपुढं पालथं पडल्यावर मला कळलं. तुमच्यासमोरच सगळं झालं, पण तुमचा अभिप्राय वाचणाऱ्यांनाही कळावं म्हणून इथं लिहितो. सिंकचा सांडपाण्याचा पाइप भिंतीत जातो तिथं पांढरी प्लास्टिकची चकती असते. बघणाऱ्याला वाटतं, भोक झाकलंय. मी नखानं ओढली तर ती पाइपावरून सरकली आणि मागं करंगळी सहज जाईल एवढी फट निघाली. चकतीच्या खालच्या कडेला तेलकट काळा पट्टा होता, त्याला दोन-तीन केस चिकटलेले. तो पट्टा उंदराच्या अंगाचा. रोज त्याच वाटेनं अंग घासून गेला की असा डाग पडतो. घरातल्या लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी, म्हणजे सहा मिलिमीटरची फट पुरते. ही तर त्याच्यासाठी दरवाजाच होती.

आमच्या पोरांनी गॅसच्या पाइपाचं भोक नीट बुजवलं, खिडकीखालचं बुजवलं, आणि हे राहिलं. खालची ट्रॉली निघत नव्हती, ती सरकते त्या पट्टीचा, चॅनेलचा स्क्रू झिजला होता. पोरानं कामाच्या नोंदीच्या कार्डावर ‘खालची ट्रॉली निघाली नाही’ असं लिहिलंही होतं. पण तुम्हाला तोंडी सांगितलं नाही, आणि मी ते कार्ड वाचलंच नाही. वाचलं असतं तर दुसऱ्याच दिवशी सुतार घेऊन आलो असतो. आता ट्रॉली न निघालेलं काम ‘पूर्ण’ म्हणून लिहायचं नाही, असं पोरांना सांगितलंय.

त्याच ट्रॉलीमागं, जुन्या मिक्सरच्या खोक्यात, मुठीएवढं घरटं सापडलं. थर्माकोलचे दाणे, वर्तमानपत्राच्या चिंध्या, आणि मधे शेंगदाण्याच्या लालसर साली. पिल्लं नव्हती, हे आपलं नशीब. उंदराची मादी १९ ते २१ दिवसांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं, आणि तीही दीड-दोन महिन्यांत वयात येतात. म्हणून तीन आठवडे वाया गेले याचं मला जास्त वाईट वाटतं.

आता औषधाचं. इथं मात्र ताई, मी तुमच्याशी सहमत नाही.

तुम्ही लिहिलंय, दुसरा माणूस निम्म्या पैशात विषाच्या वड्या टाकून गेला असता. गेला असता, खरं आहे. २०१९ च्या महापुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ओसरल्यावर आम्ही गावभागात आणि पेठांत कितीतरी दिवस काम केलं. भिजलेलं धान्य रस्त्यावर पडलेलं आणि उंदीर-घुशी घराघरांत. तेव्हा मीही वड्याच टाकत होतो. एका घरात भिंतीतल्या कपाटामागं उंदीर मेला. त्या माणसांनी आधीच पुराच्या गाळाचा वास सोसला होता, त्यात हा. शेवटी कपाट उचकटावं लागलं. त्या घरातल्या आजी नाकाला पदर लावून अंगणात बसल्या होत्या, ते अजून डोळ्यासमोर आहे. तेव्हापासून स्वयंपाकघरात आणि कोठीत मी वडी टाकत नाही.

बाजारात मिळणारी ब्रोमॅडिओलोनची वडी खाऊन उंदीर तिथल्या तिथं मरत नाही. रक्त गोठणं बंद होतं आणि तो तीन-चार दिवसांनी, कधी त्याहून उशिरा मरतो. कुठं मरेल ते आपल्या हातात नसतं. शिवाय कुरतडलेले तुकडे तो ओढून नेतो, ते डाळ-तांदळाच्या डब्यांमागंही सापडलेत मला. वडी रंगीत असते, बाळाला खाऊच वाटणार. तिच्यावर निदान व्हिटॅमिन के चा उतारा आहे. झिंक फॉस्फाइडच्या काळ्या पुडीवर तर उताराच नाही. अंगणात, गटाराच्या कडेला घुशींसाठी आम्ही वडी वापरतो, तीही कुलपाच्या पेटीत. घरात नाही. याच्यासाठी कुणी तारे कमी दिले तरी चालतील.

आणि तो वास. आमच्या पोरांनी विष टाकलंच नव्हतं, हे तुम्हीच लिहिलंय. रविवारी तुमच्या घरातल्या दादांनी सांगितलं, की आम्हाला बोलवायच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी दुकानातून वड्या आणून सिंकखाली ठेवल्या होत्या. सिंकखालच्या खोक्यामागून जो वाळलेला उंदीर काढला तो त्या वड्यांनीच मेलेला. दादांना मी बोल लावत नाही. घरात उंदीर दिसला की माणूस हाताला लागेल ते करतो, आणि दुकानदारही तेच देतो. पण पोरांनी पहिल्याच दिवशी ‘आधी काही टाकलंय का?’ हे विचारायला हवं होतं.

एक गोष्ट हात जोडून सांगतो, आणि ही फक्त तुम्हाला नाही. कोठीत वर्षाचा गहू भरताना सासूबाई गव्हातल्या गोळीबद्दल विचारत होत्या. ती अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी असेल तर राहत्या घरात आणूच नका. हवेतल्या ओलाव्यानंसुद्धा तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो, त्याच्यावरही उतारा नाही. बंद खोलीत झोपलेली माणसं त्यानं गेली आहेत. गहू उन्हात कडकडीत वाळवा, पत्र्याच्या कोठीत भरा, झाकण घट्ट लावा. पोतं ठेवायचंच असेल तर फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब, म्हणजे मागं काय चाललंय ते दिसेल. शेंगदाणे, बेदाणे, भडंग यांच्या पिशव्या स्टीलच्या डब्यात जाऊ द्या. प्लास्टिकचा डबा उंदीर कुरतडतो.

रविवारी काय केलं ते नोंदवून ठेवतो. पाइपाभोवतीच्या फटीत स्टेनलेस स्टीलच्या तारेची घासणी दाबून बसवली आणि वरून सिमेंट भरलं. साधी लोखंडी घासणी सिंकखालच्या ओलीनं गंजून झडते, म्हणून ती घेतली नाही. मोरीच्या जाळीखाली बारीक जाळी बसवली. चापाचे सहा सापळे भिंतीला काटकोनात, चापाचं तोंड भिंतीकडं करून ठेवलेत, कारण उंदीर भिंतीच्या कडेकडेनं पळतो. तुम्ही आधी एकच पिंजरा हॉलमध्ये ठेवला होता, पण हा उंदीर घरट्यापासून फार लांब जात नाही. आमिषाला हरभऱ्याएवढं शेंगदाण्याचं कूट गुळात मळून लावलंय. चपातीचा तुकडा त्याला नको होता, कारण शेजारीच शेंगदाणे होते. सापळ्यांकडं बाळ जाऊ नये म्हणून कोठीचं दार लावलेलं राहू द्या आणि ट्रॉल्यांना कडी घाला.

कोठीत अजून लेंड्या दिसतील, जिऱ्याएवढ्या, टोकाला निमुळत्या. कोरड्या झाडूनं झाडू नका, धूळ नाकात जाते. एक भाग ब्लीच आणि नऊ-दहा भाग पाणी असं करून शिंपडा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग हातमोजे घालून कागदानं पुसून घ्या. ताज्या लेंड्या काळ्याभोर आणि मऊ असतात, जुन्या करड्या आणि चुरणाऱ्या. पुसल्यानंतर काळ्या दिसल्या तरच काळजीचं.

या कामाचे वेगळे पैसे नाहीत. ट्रॉलीच्या चॅनेलचेही नाहीत.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी पुन्हा येतो. तोवर खालच्या ट्रॉलीमागं मी भुरभुरलेली टाल्कम पावडर पुसू नका. तिच्यावर बारीक पावलं उमटलेली दिसली तर रविवारची वाट बघू नका, लगेच फोन करा. रात्री अकरा वाजले असले तरी मी उचलेन.